पाईपचा लायटर: ज्योत उभी नको, आडवी हवी

दुकानात जाऊन ‘लायटर द्या’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘गॅसचा का सिगारेटचा?’ पाईपचा म्हणून काही वेगळा लायटर असतो हे बहुतेक दुकानदारांच्या गावीही नसतं, मग ते दुकान लातूरच्या गंजगोलाईत असो की संभाजीनगरच्या पैठण गेटला. त्यामुळं आपल्याकडं पाईप ओढणारा माणूस साधारण एकाच वाटेनं जातो. आधी टपरीवरचा प्लास्टिकचा लायटर, त्यानं अंगठा भाजला की ‘वाऱ्यात विझत नाही’ म्हणून गळ्यात मारलेला निळ्या, फुसफुसत्या ज्योतीचा जेट, आणि जेटनं पाईपची कड जाळली की मग चौकशी. चौकशी आधी केलेली बरी. लायटर बिघडला तर दुसरा येतो, ब्रायरची, म्हणजे पाईपच्या लाकडाची जळलेली कड परत येत नाही.

सिगारेटच्या टोकाला ज्योत क्षणभर लागली की काम झालं. पाईपची वाटी वर तोंड करून असते, आतून साधारण 18 ते 20 मिलिमीटर रुंद, आणि पेटवायचा असतो तो तंबाखूचा अख्खा माथा. तेवढ्या गोलावर ज्योत फिरवायला पाच-सात सेकंद लागतात, आणि एका भरणीत हे तीन-चारदा करावं लागतं. ज्योतीचा स्वभाव वर जायचा, आपल्याला ती खाली हवी. म्हणून साधा लायटर कलता धरावा लागतो, आणि कलता धरला की ज्योत चाकावरून अंगठ्याकडं वळते. वरची पत्र्याची टोपी तापते, चाक तापतं, आणि पुढच्या वेळी त्याच तापलेल्या चाकावर अंगठा फिरवायचा असतो. शिवाय गॅसचा लायटर फारच कलंडला तर काही लायटरांत वाफेऐवजी पातळ गॅसच तोंडाशी येतो आणि ज्योत भपकन मोठी होते. भुवया जातात त्या अशाच. चिलीम ओढणाऱ्यांना ही कटकट कधी नव्हती: वर निखारा ठेवला, खाली ओली छापी, म्हणजे ओलं फडकं धरलं, झालं. पण चिलीम मातीची आणि पाईप लाकडाचा, तेव्हा निखाऱ्याचा मार्ग बंद.

लायटर घेताना पहिल्यांदा बघायचं ते म्हणजे ज्योत कुठल्या दिशेला निघते. ती आडवी किंवा साधारण 45 अंशांत तिरपी निघाली पाहिजे. मग लायटर जवळजवळ उभाच राहतो, अंगठा ज्योतीच्या मागं राहतो आणि ज्योत वाटीच्या तोंडावर आपोआप येते. दुसरं, ज्योत मऊ हवी: पिवळी, हलती, ओढ घेतली की वाकून वाटीत उतरणारी. ज्योत खाली न्यायचं काम तुमचा श्वास करतो, लायटर नव्हे. लायटरनं फक्त वाटेत यायचं नाही.

या जातीतला सगळ्यांना माहीत असलेला नमुना म्हणजे जपानच्या आयएम कोरोनाचा ‘ओल्ड बॉय’. अंगठ्यानं फिरवायचं चाक, बाजूला निघणारी मऊ ज्योत, आणि अंगातच बसवलेला टॅम्पर, म्हणजे तंबाखू दाबायचा दट्ट्या. किरिबी आणि त्सुबोता पर्ल हेही जपानचेच आणि त्याच घराण्यातले. हे इकडं कुठल्या टपरीवर मिळणार नाहीत, मागवावे लागतात, आणि किंमत ऐकून घरचे दोन दिवस बोलणार नाहीत. पण यांचा ठिणगीचा खडा बदलता येतो, गॅस भरता येतो, झिजलेला रबरी वायसर बदलता येतो. खिशाला परवडत नसेल तर स्पेनचा क्लिपर घ्या. तोही भरता येतो, आणि चाक-खड्याची नळी वर ओढली की सुटी होऊन हातात येते. तिच्या खालच्या टोकानं तंबाखू दाबायचं कामचलाऊ काम होतं. ज्योत मात्र सरळ वर, म्हणजे अंगठ्याचा प्रश्न शिल्लकच.

जेटबद्दल माझं मत पक्कं आहे: पाईपला लावू नये. त्यात गॅस हवेशी आधीच मिसळून जोरानं बाहेर फेकला जातो, म्हणून ज्योत निळी, टोकदार, फुसफुसणारी आणि तुमच्या ओढीला न जुमानणारी. जिथं टेकते तिथलंच जाळते. मधल्या तंबाखूचा कोळसा होतो, कडेचा कोरा राहतो. तो पेटवायला ज्योत मिलिमीटरभर बाहेर सरकली की लाकूड गेलं. मऊ ज्योतीनं कडेवर काळं येतंच, पण ते बहुतेक काजळी आणि डांबर असतं, ओलसर फडक्यानं हळूहळू निघतं. जेटनं होतो तो लाकडाचाच कोळसा; तो घासला की कड खाली बसत जाते. मक्याच्या बुरकुंडाचा पाईप असेल तर त्याची कड आणखी लवकर जाते. (सिल्लोड-कन्नडकडच्या मक्याचे ढीग बघून कुणाला पाईप करायची हुक्की आली तर: पाईपसाठी जाड, टणक बुरकुंड देणारा मका मुद्दाम वेगळा पिकवतात.) सिगारला जेट चालतो, कारण सिगारचं टोक ज्योतीपासून लांब धरून शेकता येतं. इथं ज्योत वाटीतच उतरवायची असते.

वाऱ्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. शेताच्या बांधावर किंवा गच्चीवर ओढायचं असेल तर पेट्रोलचा लायटर हेच उत्तर. झिप्पो ही 1932 साली अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डला सुरू झालेली कंपनी. तिच्या लायटरात पाईपसाठी वेगळा आतला भाग बसवता येतो. वातीभोवतीच्या छिद्रांच्या जाळीला त्यात एक मोठं गोल भोक आरपार असतं. लायटर आडवा करून ते भोक वाटीच्या तोंडावर धरायचं आणि ओढायचं; ज्योत भोकातून खाली उतरते, भोवतीची जाळी वारा अडवते. साधा झिप्पो घेऊन पाईपवर उलटा करत बसण्यात काही अर्थ नाही. आणि बांधावर ओढताना एवढं बघा की जवळ कडब्याची गंजी नाही. वाऱ्यात वाटीतून ठिणग्या उडतात, म्हणून पाईपला जाळीचं झाकण लावलेलं बरं.

‘झिप्पोनं पेट्रोलची चव लागते’ ही तक्रार निम्मी खरी. वात पेटली की पहिले दोन-तीन सेकंद न जळलेली वाफ सोबत येते. तेवढं थांबून मग ज्योत वाटीकडं न्यायची. लॅटाकियासारख्या धुरावर वाळवलेल्या तंबाखूत मग पत्ताही लागत नाही. हलक्या व्हर्जिनियात मात्र पहिल्या दोन ओढींत जाणवतं, ते सोसायचं नसेल तर गॅसचाच घ्या. झिप्पोच्या कवचात बसणारा पिवळ्या ज्योतीचा गॅसचा आतला भागही कंपनी विकते, पण त्याची ज्योत उभी.

पेट्रोल भरायची रीत सोपी असून सगळे चुकतात. आतला भाग ओढून काढा, खालचा नमद्याचा तुकडा उचला, आतल्या कापसात थेंबाथेंबानं सोडा. ओल नमद्यापर्यंत आली की हात आवरा. ‘अजून थोडं’ करत भरलेला लायटर खिशात पाझरतो, आणि मांडीची कातडी भाजल्यासारखी लाल होऊन सोलते. पँट घट्ट असेल तर जास्तच. भरल्यावर लायटर आणि हात कोरडे पुसा, दहा मिनिटं थांबा, मग पेटवा. वातीचं टोक काळं, टणक झालं असेल तर चिमट्यानं दोन-तीन मिलिमीटर वर ओढून जळका भाग कापा.

गाडीच्या टाकीतलं पेट्रोल भरू नका. लायटरचं पेट्रोल म्हणजे स्वच्छ केलेला नाफ्था. गाडीच्या पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, इंजिनासाठीची रसायनं असतात, आणि आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते इथेनॉल आपल्याच धाराशिव-लातूरच्या उसाचं असलं तरी ते इंजिनासाठी आहे, तुमच्या घशासाठी नव्हे. रॉकेल तर चालतच नाही. ते जड, ठिणगीनं पेट घेत नाही आणि घेतला तर नुसती काजळी.

पेट्रोलच्या लायटरची आपल्याकडची खरी अडचण मात्र ऊन आहे. टोपण घट्ट असलं तरी पेट्रोल उडत राहतं. थंडीत आठवडाभर पुरणारी भरणी मे महिन्यात त्याच्या निम्मीही पुरत नाही. रोज ओढणाऱ्याला चालतं, तो रोज भरतो. आठवड्यातून एकदा रविवारी ओढणाऱ्याच्या हातात दर रविवारी कोरडा लायटर येतो. अशांनी गॅसच घ्यावा.

पण ऊन गॅसलाही सोडत नाही, आणि हा मुद्दा परदेशी सल्ल्यांत सहसा सापडत नाही. ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळतो. टाकीत तो पातळ राहतो तो स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली. हा दाब 5 अंशांना बाहेरच्या हवेच्या जेमतेम सव्वापट असतो, 20 अंशांना दुप्पट आणि 40 अंशांना जवळजवळ चौपट. आता परभणी डोळ्यापुढं आणा. जानेवारीच्या कडक पहाटे पारा पाच-सहाला, मे महिन्याच्या दुपारी 43-44 ला. लायटर तोच, ज्योत कमी-जास्त करायचा खालचा स्क्रू जिथं होता तिथंच, पण पहाटे ज्योत करंगळीच्या नखाएवढी आणि दुपारी वीतभर. लायटर बिघडला म्हणून लोक टाकून देतात. बिघडलेला नसतो. थंडीत तो दोन मिनिटं मुठीत धरा, ज्योत येते. होळी झाली की स्क्रू उणेकडं पाव वळसा फिरवा, दिवाळीनंतर परत अधिककडं. मऊ ज्योतीची उंची दोन ते अडीच सेंटिमीटर पुरे. त्याहून मोठी ज्योत कडेलाच लागते.

आणि उन्हात उभ्या गाडीत लायटर ठेवू नका. लायटरच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 9994 आहे. त्यात लायटर 65 अंशांत चार तास ठेवून आणि दीड मीटरवरून पाडून तपासतात. वैशाखात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्या 65 च्याही वर जाऊ शकतो.

गॅस भरणं हे बहुतेकांना जमत नाही ते एका कारणानं: आत अडकलेली हवा. नवीन गॅस शिरायला जागा नसते, डब्यातला गॅस बोटांवर उडतो, आणि ज्योत दोन दिवसांत संपते. म्हणून आधी टाकी रिकामी करायची. स्क्रू उणेकडं पूर्ण फिरवा. मोकळ्या हवेत, जवळपास शेगडी, समई, उदबत्ती काहीच पेटलेलं नाही हे बघून, बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खालचा व्हॉल्व्ह दाबा आणि फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवा. मग लायटर पाचेक मिनिटं फ्रिजमध्ये. गार टाकीत दाब कमी असतो, गॅस पटकन शिरतो. बाहेर काढून पुसा, उलटा धरा, डबा त्याच्यावर बरोबर उभा धरून सरळ खाली दाबा, तीन ते पाच सेकंद. तिरपा दाबला की गळणारच. तोंड जुळत नसेल तर डब्याच्या टोपणात प्लास्टिकच्या बारीक तोट्या दिलेल्या असतात, त्यातली बसेल ती लावा. टाकी काठोकाठ भरू नका, उन्हात पातळ गॅस फुगतो. भरून झाल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा आणि मगच चाक फिरवा. लगेच पेटवला तर भोवती सांडलेला गॅस आधी पेटतो.

गॅस कोणता, यावर कंजुषी नको. हलक्या प्रतीच्या गॅसमध्ये तेलकट मळ असतो, तो नळीच्या सुईएवढ्या भोकात बसतो आणि ज्योत तिरकी, आखूड, तुटक येते. स्वच्छ आरशावर थोडा फवारा. गॅस उडून गेल्यावर तेलाचा डाग राहिला तर तो डबा लायटरच्या कामाचा नाही. आणि घरच्या सिलिंडरमधून लायटर भरून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्युटेनच्या कितीतरी वर. लायटरची टाकी त्यासाठी केलेलीच नसते. गळती कळावी म्हणून घातलेला तो वास तंबाखूत उतरतो ते वेगळंच.

ठिणगी खड्याची घ्यावी की बटणाची? खड्याची. बटणाच्या लायटरात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या लायटरसारखं ‘टक्’ करणाऱ्यात, ठिणगीच्या तारेवर काळ्या मातीची धूळ आणि काजळी बसली की टक् ऐकू येतं, ज्योत येत नाही, आणि तो भाग घरी दुरुस्त होत नाही. खडा संपला तर दोन मिनिटांत बदलतो. या खड्याला आपण चकमक म्हणतो खरं, पण जुन्या माणसांच्या चंचीतल्या चकमकीशी त्याचं काम उलटं आहे. तिथं गारगोटीवर पोलाद घासायचं आणि ठिणगी पोलादाची उडायची. इथं चाक पोलादाचं आणि ठिणगी उडते ती खड्याची. सेरियम आणि लोखंडाच्या या मिश्रधातूचं पेटंट ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं 1903 साली घेतलं. खडा म्हणजे धातू, म्हणून तो गंजतो. पावसाळाभर न वापरलेल्या लायटरात खडा फुगून नळीत घट्ट बसतो किंवा त्याचा भुगा होतो, आणि मग टाचणीनं कोरत बसावं लागतं. लायटर दोन-तीन महिने ठेवून द्यायचा असेल तर खडा काढून ठेवा. चाकाच्या दातांत भुगा बसला की ठिणगी मरते. जुन्या टूथब्रशनं कोरडंच घासा, तेल अजिबात नको.

गॅसचा वास येतोय पण कुठून ते कळत नाही? लायटरचं फक्त बूड पाण्याच्या वाटीत बुडवा. बुडबुडे आले तर भरायच्या व्हॉल्व्हचा वायसर गेला.

पेटवायची पद्धत चुकीची असेल तर महागडा लायटरही बदनाम होतो. पहिली ज्योत फक्त माथा भाजायला. ज्योत तंबाखूच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर धरून, हलक्या ओढी घेत गोल फिरवायची, कडेपासून आत. तंबाखू फुगून वर उठतो, काळा होतो आणि बहुतेक वेळा विझतो. विझू द्या. दट्ट्याच्या नुसत्या वजनानं सपाट करा, जोर नको. मग दुसरी ज्योत, तशीच गोल, आणि ही धरते. जोरात ओढलं की ज्योत तंबाखूत खोल घुसते, वाटी तापते, जीभ पोळते. मध्येच विझला तर लाज नाही, राख थोडी दाबून परत पेटवा.

तरीही पेटत नसेल तर लायटरला शिव्या देण्याआधी तंबाखू चिमटीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे, अर्धा तास कागदावर पसरा. हळू उलगडला तर बरोबर. कुडकुड मोडला तर मे महिना आहे आणि डबी उघडी राहिली आहे. असा तंबाखू पटकन पेटतो, पण कडक जळतो.

विकत घेताना दुकानातच हातात घेऊन तीन-चारदा पेटवून बघा. पाईप सोबत न्या, दुकानात ओढायचा नाही, फक्त ज्योत वाटीच्या तोंडावर कुठं येते ते बघायचं. अंगठा चाकावरून उचलला की लगेच विझला पाहिजे. वीस वेळांत अठरा वेळा पहिल्या फटक्यात पेटला तर चांगला म्हणा. खाली भरायचा व्हॉल्व्ह आणि स्क्रू दोन्ही असले पाहिजेत. नुसता व्हॉल्व्ह असलेला लायटर परभणीच्या उन्हात तुमच्या ताब्यात राहणार नाही. वापरून फेकायचे लायटर घेत राहणंही आता पूर्वीसारखं नाही: 20 रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या लायटरांवर केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये बंदी घातली.

आणि काडेपेटी कायम जवळ ठेवा. 1 डिसेंबर 2021 पासून रुपयाची पेटी दोन रुपयांची झाली, तरी पाईपला इतकी मऊ ज्योत दुसरी नाही. काडी ओढल्यावर गुलाचा भडका पूर्ण जळू द्या, एक-दोन सेकंद, मगच वाटीवर न्या. नाहीतर गंधकाचा वास पूर्ण भरणीभर राहतो. मेणकाडीपेक्षा लाकडी काडी बरी, वाटीवर आडवी धरली तरी ती वाकत नाही. एका पेटवणीला दोन काड्या धरून चाला. पावसाळ्यात पेटी दमट होते, ती प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

चिकलठाण्याहून किंवा नांदेडहून विमानानं जाणार असाल तर लायटर घरीच ठेवा. हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. मागवलेला ओल्ड बॉय सुरक्षा तपासणीच्या टोपलीत टाकून पुढं जावं लागतं. काडेपेटीलाही तोच नियम, पण ती उतरल्यावर कुठल्याही टपरीवर मिळते.